पहिली इलेक्ट्रिक गिटार: नेक विकत घ्या, बॉडी स्वतः करा

अर्धवट राहिलेल्या गिटारी घेऊन लोक माझ्याकडे येतात. माझं रोजचं काम टूलरूममध्ये ड्रॉइंग वाचण्याचं, व्हर्निअर हातात धरण्याचं. गिटारी बनवणं हा संध्याकाळचा उद्योग. वाजवायचं म्हणाल तर चार कॉर्ड येतात, पाचवी आली की बोटं रुसतात. पण त्या अर्धवट गिटारी बघून एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक अडतात ते लाकडापाशी नाही आणि रंगापाशीही नाही. मध्यरेषा (गिटारच्या मधोमध जाणारी रेषा) आणि स्केल लेंथ (तारेची वाजणारी लांबी) या दोन मापांपैकी एक कुठेतरी हातातून सुटलेलं असतं आणि मग पुढचं सगळं तिरकं होत जातं. म्हणून ही दोन मापं शेवटपर्यंत कशी सांभाळायची, ते मुख्यतः सांगतो.

आधी नेकचा निकाल लावू. पहिल्या गिटारला नेक (गिटारचा लांब दांडा) तयार, फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेला घ्या. यावर काही मंडळी नाक मुरडतात, "मग हाताने काय बनवलं?" म्हणतात. मुरडू देत. नेकमध्ये ट्रस रॉडची (नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईची) खाच, फिंगरबोर्डची (बोटं दाबायच्या पट्टीची) गोलाई, फ्रेटच्या चिरा आणि फ्रेट एका पातळीत घासणं ही चार वेगवेगळी कसबं आहेत. फ्रेटची जागा काढायचं गणित सोपं आहे: उरलेली लांबी 17.817 ने भागायची, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. 648 मिलीमीटरच्या स्केलला पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांना आधार देणारी खाचांची पट्टी) 36.37 वर येतो आणि बारावा बरोबर अर्ध्यावर, 324 वर. गणित कागदावर एका बैठकीत होतं, पण करवत त्या आकड्यावर चालवणं वेगळं. बाराव्या फ्रेटला एक मिलीमीटर चुकलात तर सूर साधारण पाच सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो. ट्यूनरला ते लगेच दिसतं, कानाला थोड्या दिवसांनी, आणि एकदा कानाला लागलं की मग सुटत नाही. हे दुसऱ्या गिटारीसाठी ठेवा.

बोल्टने जोडायचा नेक आणि सपाट फळीची बॉडी, हाच आराखडा धरा. 1950 मध्ये लिओ फेंडरने बाजारात आणलेली गिटार हीच होती. तिचं नाव आधी ब्रॉडकास्टर होतं, पण ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच असल्यामुळे ते बदलून टेलिकास्टर झालं. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. (हे वाक्य मी जरा जास्तच वेळा सांगतो.) वाद्याकडे त्याने कारखानदाराच्या नजरेने पाहिलं: सुटे भाग, साधी कापणी, बिघडलं तर चार स्क्रू काढून नेक बदला. नवशिक्याला हवं ते नेमकं हेच आहे.

लाकूड कापायच्या आधी

नेक, ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार), पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग), पॉट (आवाज कमीजास्त करायचं बटण), जॅक (केबल लावायची जागा), नेकची मागची पट्टी आणि स्क्रू हे सगळं टेबलावर येईपर्यंत करवतीला हात लावायचा नाही. "नेकचा हील (बॉडीत बसणारं टोक) 56 मिलीमीटर रुंद असतो" असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तुमच्या हातातला नेक 55.7 असेल किंवा 56.3, आणि खाच करायची ती तुमच्या नेकसाठी. प्रत्येक भाग व्हर्निअरने मोजा आणि आकडा ड्रॉइंगवर लिहा.

ब्रिज हार्डटेल घ्या, म्हणजे न हलणारा. ट्रेमोलो (हलणारा ब्रिज) घेतलात की मागे स्प्रिंगांची पोकळी, पुढे आरपार खाच, आणि सूर सांभाळण्याची कटकट वेगळी. पिकअप एक पुरे: ब्रिजजवळ एक हमबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप), एक व्हॉल्यूम पॉट, एक जॅक. खाचा कमी, वायरी कमी, आणि आवाजात काही कमी पडत नाही. टोन पॉट हवाच असेल तर लावा, माझी हरकत नाही.

लाकडावरून इतके वाद चालतात की नवा माणूस तिथेच थकतो. अल्डर, अ‍ॅश, महोगनी ही नावं प्रसिद्ध झाली कारण ती मिळत होती, नीट कापली जात होती आणि वजनाला मध्यम होती. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी 1963 मध्ये जी गिटार करायला घेतली, तिचा नेक जुन्या शेकोटीच्या लाकडातून काढलेला आहे, आणि त्याला लागलेल्या किडीची भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली आहेत. ती गिटार पुढे मोठमोठ्या मैदानांत वाजली. तेव्हा झाडाच्या नावावर अडून बसू नका. लाकूड पूर्ण मुरलेलं, सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं आहे ना, एवढं बघा. ओलं लाकूड मात्र नकोच. आज सपाट केलेली खाच चार महिन्यांनी वाकडी झाली तर दोष कोणाला देणार?

फळी साधारण 350 रुंद, 480 ते 500 लांब आणि 45 मिलीमीटर जाड हवी. एवढी रुंद फळी सहसा मिळत नाही, म्हणून दोन फळ्या मधोमध जोडायच्या. दोन्ही कडा रंध्याने सरळ करा, एकीवर एक उभी ठेवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर अजून रंधा मारा. क्लँप आवळून फट बुजवायचा मोह होतो, पण तो जोड नंतर उघडतो. लाकडाचा पांढरा गम लावा, गमाचे बारीक थेंब कडेने ओळीत बाहेर येतील इतकंच आवळा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी लगेच घासून सपाट करायला जाऊ नका. गमातल्या पाण्याने जोडाजवळचं लाकूड थोडं फुगलेलं असतं. फुगलेलं असतानाच सपाट केलंत तर ते वाळल्यावर तिथे बारीक खळगी पडते, आणि पॉलिश चढल्यावर ती चकाकून दिसते. आठवडाभर थांबलेलं बरं.

रेषा

आता मुख्य काम. जोडाची रेषा हीच मध्यरेषा समजायची सोय असते, पण ती समजू नका. पोलादी पट्टीने आणि कटरच्या पात्याने नवी मध्यरेषा मारा, पेन्सिलीने नाही. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलीमीटर जाड असते आणि घासताना पुसते. पात्याची चीर बारीक असते, तिच्यात पुढच्या पात्याचं टोक आपोआप बसतं. ही रेषा फळीच्या दोन्ही टोकांवरून उभी खाली नेऊन मागच्या बाजूलाही मारा. पुढची टेम्प्लेटं, खाचा आणि भोकं सगळी या रेषेवरूनच मोजायची. बॉडीच्या कडेवरून काहीही मोजायचं नाही, कारण कड घासली जाणार आहे.

टेम्प्लेट, म्हणजे ज्याला टेकवून राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) फिरवायचा तो साचा, 12 मिलीमीटर एमडीएफचं करा. 6 मिलीमीटरचं स्वस्त पडतं, पण राउटरच्या बिटवरच्या बेअरिंगला टेकायला जागा कमी मिळते. टेम्प्लेटवरही मध्यरेषा कोरा. बॉडीचा आकार जिगसॉने रेषेच्या दोन-तीन मिलीमीटर बाहेरून कापा, मग टेम्प्लेट चिकटवून बेअरिंगच्या बिटने राउटर फिरवा. बाहेरची कड करताना राउटर घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतली खाच करताना घड्याळाच्या दिशेने न्यायचा, म्हणजे बिट लाकडाला समोरून भिडतं आणि राउटर हातातून पळत नाही. एका फेरीत चार मिलीमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नका. बॉडीच्या शिंगांच्या टोकाशी लाकडाचे रेषे आडवे येतात, तिथे लाकडाचा तुकडाच उडतो. तिथे आधी कानशीने जवळ जा आणि राउटरसाठी एखादाच मिलीमीटर ठेवा. चष्मा, मास्क, कानांना बोंडं. लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते, हे कंटाळा आला तरी लक्षात ठेवा. बिट बदलताना प्लग काढलेला हवा.

नेकची खाच हे सगळ्यात जपून करायचं काम. खाच साधारण 16 मिलीमीटर खोल. हील 25 जाड असतो, म्हणजे फिंगरबोर्ड बॉडीवर नऊएक मिलीमीटर वर येतो, आणि हार्डटेल ब्रिजला एवढी उंची बहुतेक चालते. बहुतेक. म्हणून खाच 15 वर थांबवा, नेक बसवा, फ्रेटांवर लांब सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजपर्यंत न्या. सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा आणि वर-खाली होणारा भाग) पूर्ण खाली केल्यावर पट्टीच्या खाली राहायला हवं आणि पूर्ण वर केल्यावर पट्टीच्या वर यायला हवं. तसं असेल तर ठीक, पूर्ण वर करूनही ते पट्टीखालीच राहिलं तर राहिलेला मिलीमीटर काढा. खाचेचा तळ फसला आणि कोन हवा तसा नसेल तर नेकखाली पूर्ण तळभर पातळ पाचर घालतात. कोपऱ्यात बिझनेस कार्डाचा तुकडा सरकवण्याची जुनी युक्ती आहे. ती चालते, पण नेक आणि बॉडीमध्ये पोकळी राहते, म्हणून मला ती आवडत नाही.

रुंदीला टेम्प्लेट असं करा: एमडीएफच्या दोन सरळ पट्ट्या नेकच्या हीलला दोन्ही बाजूंनी घट्ट टेकवा, मागे तिसरी लावा, क्लँप करा आणि नेक काढून घ्या. तुमच्याच नेकचं टेम्प्लेट तयार, मोजायची भानगड नाही. फक्त पट्ट्या टेकवताना नेकची मध्यरेषा बॉडीच्या मध्यरेषेवर आहे ना, ते बघा. नटच्या मध्याला आणि शेवटच्या फ्रेटच्या मध्याला चिकटपट्टी लावून त्यावर खूण केली की हे सोपं जातं. बिटमुळे आतले कोपरे गोल राहतात. हीलचे कोपरे चौकोनी असतील तर पटाशीने सारखे करा. नेक हाताने दाबून खाचेत बसवायचा आणि एकही स्क्रू न लावता नेकला धरून बॉडी उचलायची. बॉडी लटकून राहिली तर खाच जमली. रंग चढवणार असाल तर थोडी मोकळीक ठेवा, कारण रंगाचा थरही जागा खातो.

नेकचे स्क्रू साधारण 45 मिलीमीटरचे असतात. खाचेखाली 29 मिलीमीटर लाकूड, दोन मिलीमीटर पट्टी, म्हणजे स्क्रू नेकमध्ये 14 मिलीमीटर जाणार. हील 25 आहे, तेव्हा फिंगरबोर्ड फोडून टोक वर येणार नाही. बॉडी वेगळ्या जाडीची असेल तर हा हिशेब पुन्हा करा. बॉडीतलं भोक स्क्रूच्या पूर्ण जाडीचं आणि सैल ठेवायचं, नेकमधलं मात्र फक्त स्क्रूच्या गाभ्याइतकं. आटे दोन्ही लाकडांत रुतले तर मधली फट कितीही आवळलं तरी मिटत नाही. स्क्रूला मेण चोळून घाला. ड्रिलच्या बिटवर खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका.

आता ब्रिज. इथे ड्रॉइंग बाजूला ठेवायचं. नेक स्क्रूने पक्का बसवा. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा आणि ते माप दुप्पट करा. तीच तुमच्या नेकची खरी स्केल लेंथ. पातळ ई (पहिल्या) तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा आणि ते बरोबर त्या मापावर येईल असा ब्रिज ठेवा. बाकीची सॅडलं इंटोनेशनसाठी (दाबलेला स्वर सुरात यावा म्हणून) मागे जाणार, जाड ई (सहावी) तीनचार मिलीमीटर तरी, म्हणून मागे जागा हवी. पुढे फारशी लागत नाही.

मग दोन्ही ई तारा, किंवा त्यांच्या जागी शिवणाचा दोरा, नटच्या खाचांतून ब्रिजच्या सॅडलांपर्यंत ताणा. एक डोळा मिटून वरून बघा. शेवटच्या फ्रेटशी दोन्ही तारांचं फिंगरबोर्डच्या कडेपासूनचं अंतर सारखं दिसलं पाहिजे. नसेल तर ब्रिज डावी-उजवीकडे सरकवा. मध्यरेषा इतका वेळ सांभाळली असेल तर सरकवायचं अंतर अगदी थोडं निघतं. सारखं दिसलं की ब्रिज चिकटपट्टीने दाबून धरा, भोकांच्या खुणा टोच्याने करा आणि मगच ड्रिल. माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट गिटारींपैकी बऱ्याच याच पायरीला फसलेल्या असतात: ब्रिज आधी बसवलेला, नेक नंतर, आणि सहावी तार फिंगरबोर्डवरून खाली घसरते.

पिकअपची खाच तारांची जागा ठरल्यावरच करा, म्हणजे पिकअपचे खांब तारांखाली येतात. पॉटसाठी पोकळी पुढून काढून वर पत्र्याची पट्टी लावा. मागून काढली तर वरचं लाकूड इतकं पातळ ठेवावं लागतं की राउटर आरपार जायची भीती. पिकअपकडून पोकळीकडे तिरकं लांब भोक, जॅकसाठी कडेतून 22 मिलीमीटरचं, आणि ब्रिजखालून पोकळीपर्यंत एक बारीक भोक अर्थच्या वायरीसाठी. हे शेवटचं भोक लोक हमखास विसरतात.

घासणं आणि तेल

कडा राउटरने गोल करा, हात टेकतो तिथला उतार कानशीने तासा. मग 120, 180, 240 नंबरचा कागद, नेहमी रेषांच्या दिशेने. 240 झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसा. रेषे उभे राहतील. वाळल्यावर पुन्हा 240 हलकेच. पहिल्या गिटारीला स्प्रे नको, तेल लावा: टंग ऑइल किंवा डॅनिश ऑइल, पातळ थर, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा थर. तीनचार थर पुरतात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वायरिंग

हमबकरला 500 किलोओहमचा पॉट, सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) 250 चा. टोन लावलात तर हमबकरबरोबर 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिकअपची गरम (सिग्नलची) वायर पॉटच्या एका टोकाच्या पायाला, मधला पाय जॅकच्या टिपला (केबलच्या टोकाला भिडणाऱ्या भागाला), तिसरा पाय वाकवून पॉटच्या पाठीला. पिकअप, ब्रिज आणि जॅकच्या स्लीव्हच्या (बाहेरच्या भागाच्या) अर्थच्या वायरीही पाठीलाच.

पॉटच्या पाठीला सोल्डर पकडत नाही, ही नेहमीची तक्रार. धातूचा मोठा तुकडा उष्णता पिऊन टाकतो. पाठ आधी सँडपेपरने खरवडा, 40 वॉटची रुंद टोकाची सोल्डरिंग आयर्न टेकवा, तीनचार सेकंद थांबा, मग सोल्डर टोकाला न लावता पाठीलाच लावा. ते पाण्यासारखं पसरलं तर ठीक. मग वायरीच्या टोकाला वेगळं सोल्डर चढवून दोन्ही जोडा आणि गार होईपर्यंत हात हलवू नका. गार झाल्यावर थेंब करडा, दाणेदार दिसला आणि वायर ओढली की हलली, तर तो जोड कच्चा आहे, पुन्हा तापवा.

तारा चढवायच्या आधी जॅकमध्ये केबल घालून मल्टिमीटर लावा. व्हॉल्यूम पूर्ण असताना हमबकर साधारण 7 ते 9 किलोओहम दाखवतो, ब्रिजपासून स्लीव्हपर्यंत जवळजवळ शून्य. अ‍ॅम्प लावून पिकअपच्या खांबावर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवला की टक ऐकू येतं. तारांना हात लावल्यावर घुरघुर कमी झाली तर अर्थ बरोबर आहे. वाढली तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत.

तारा

10 ते 46 च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांच्या संचाचा 648 स्केलवर एकूण ताण जवळपास 47 किलो होतो, म्हणून नेक किंचित वाकणारच. क्रम असा ठेवा आणि प्रत्येक पायरीनंतर सूर पुन्हा लावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्याशी तारेखाली 0.2 ते 0.25 मिलीमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळा, एकावेळी पाव फेरा आणि मग थांबा. नंतर सॅडलची उंची: बाराव्या फ्रेटला जाड ई दोन मिलीमीटर, पातळ दीड. नट बघायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाइतकी फट दिसावी. खाच खोल करावी लागली तर एका फाइलच्या घाशीनंतर थांबून बघा, कारण काढलेलं परत येत नाही.

इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. पिकअप शेवटी वर आणा: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून खांबापासून दोन ते अडीच मिलीमीटर. फार जवळ नेलात तर चुंबक तारेला खेचतो आणि जाड तारांचा सूर डळमळतो.

आठवड्याभरात नेक ताणाला सरावतो आणि सातव्या फ्रेटजवळची फट बदललेली असते. तेव्हा ती पुन्हा मोजा, ट्रस रॉडला लागेल तेवढा फेरा द्या, आणि नेकचे चारही स्क्रू एकदा तपासून घ्या.